नवीन कन्सोलचा स्पेक आला? भांडायच्या आधी हे बघा

नवीन हायब्रिड कन्सोलचा (टीव्हीला लावून आणि हातात धरून, दोन्ही प्रकारे खेळता येतो तो) स्पेक, म्हणजे आतल्या हार्डवेअरचे आकडे, बाहेर आले की पुढच्या तीन दिवसात काय होणार हे आता तोंडपाठ झालंय. पहिल्या दिवशी सगळे "राक्षस आहे राक्षस", दुसऱ्या दिवशी कोणीतरी क्लॉक स्पीड (चिप सेकंदाला किती ठोके देते) आणून टाकतो की लगेच "छ्या, माझा फोन पण याच्यापेक्षा भारी", आणि तिसऱ्या दिवशी एकजण टेराफ्लॉपचा (चिप सेकंदाला किती गणितं करते त्याचा आकडा) तक्ता चिकटवतो, मग कोणी कोणाचं ऐकत नाही. मी पण यातलाच होतो. डिसेंबर २०१६ मध्ये निन्टेंडोच्या पहिल्या स्विचचे क्लॉक डिजिटल फाउंड्रीवाल्यांनी (गेमचं तंत्र मोजणारे पत्रकार) बाहेर काढले, जीपीयू, म्हणजे चिपचा चित्र काढणारा भाग, डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) ७६८ मेगाहर्ट्झ आणि हातात धरला की ३०७.२, ते वाचून मी जाम हसलेलो, कारण तीच टेग्रा एक्स१ चिप २०१५ च्या एनव्हिडिया शील्ड टीव्हीत होती आणि तिथे ती जास्त वेगाने पळायची. पुढे तो कन्सोल १५ कोटींच्या वर खपला. आता हार्डवेअर भारी होतं म्हणून खपला असं कोणीच म्हणणार नाही, पण ज्या आकड्यावर मी हसलो त्यावरून गेम कसे चालणार हे मला काडीचंही कळलं नव्हतं, हे खरंय.

म्हणून हे लिहितोय. स्पेक आला की कुठला आकडा आधी बघायचा, कुठला सोडून द्यायचा, आणि जे लोक ओरडतायत त्यातलं कोणाचं मनावर घ्यायचं. उदाहरणं बहुतेक स्विच २ चीच देतो कारण त्याचं जवळजवळ सगळं आता उघडं पडलंय.

सगळ्यात आधी आकडा कुठून आला ते बघा. लीक म्हणजे सगळं एकाच तराजूत नाही. २०२२ च्या सुरुवातीला एनव्हिडियाचा डेटा चोरीला गेला, त्यात टी२३९ नावाची चिप, १५३६ कूडा कोर (जीपीयूतले गणित करणारे छोटे भाग) आणि डीएलएसएसचा (छोटं चित्र काढून ते मोठं करायचं एनव्हिडियाचं तंत्र) उल्लेख असं सगळं सापडलं, आणि ते कंपनीच्या आतलंच असल्यामुळे तीन वर्षांनी कन्सोल आला तेव्हा तंतोतंत खरं निघालं. पण ती चिप कुठल्या प्रोसेसवर (कारखान्यात चिप बनवायची पद्धत) बनणार ते काही ठरलं नव्हतं, मग काय, बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, एक गट म्हणे चिप बनवणाऱ्या टीएसएमसीचीच नवी प्रोसेस असणार नाहीतर एवढे कोर बॅटरीवर चालणारच नाहीत, दुसरा म्हणे सॅमसंगची ८ नॅनोमीटर, आणि यावर लोकांनी अक्षरशः वर्षं घालवली. निघाली सॅमसंगची ८. लाँचच्या आधी कोणीतरी मदरबोर्ड मिळवून चिपचा डाय फोटोही (चिप उघडून आतल्या सिलिकॉनचा फोटो) काढला, त्यावरून कोर मोजता येतात, कॅशे (चिपमधली छोटी मेमरी) किती ते दिसतं, चिपचा आकार कळतो, पण क्लॉक काही फोटोत दिसत नाही, तो कंपनी सॉफ्टवेअरमधून ठरवते. तेव्हा डाय फोटो दाखवून कोणी "एवढे एफपीएस (सेकंदाला फ्रेम) येणार" म्हणत असेल तर तो अंदाज आहे, माहिती नाही. आणि ज्यात फोटो पण नाही, कागद पण नाही, फक्त "माझ्या सोर्सने सांगितलं" आहे त्याचं काय होतं ते २०२१ मध्ये बघितलंच, सगळे ४के वाल्या स्विच प्रोची वाट बघत बसलेले आणि जुलैत जाहीर झाला ओएलईडी मॉडेल, स्क्रीन मस्त पण आत चिप तीच. त्या दिवशीचा राग कन्सोलवर कमी आणि स्वतःच्या मनात बांधलेल्या कन्सोलवर जास्त होता असं माझं मत.

आता मुख्य गोष्ट. हायब्रिड कन्सोल म्हणजे एका डब्यात दोन मशीन आहेत, आणि स्पेकचा प्रत्येक आकडा वाचताना "हा कुठल्या मोडचा" एवढा एकच प्रश्न विचारला तरी निम्मी भांडणं मिटतात. स्विच २ चा जीपीयू डॉकमध्ये १००७ मेगाहर्ट्झ, हातात ५६१. म्हणजे हातात घेतला की जवळपास निम्म्यावर येतो. हे बघून लोक नाकं मुरडतात की बघा किती कापलं, पण हातातली स्क्रीन १०८०पी आहे आणि टीव्हीला ४के पर्यंत चित्र पाठवायचंय, पिक्सेल कमी तर काम कमी, त्यामुळे जीपीयूचा वेग उतरवला तरी गेम तोच राहतो, फक्त चित्र लहान.

सीपीयूचं तसं नाही, आणि हा मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात. शत्रू कुठे पळणार, गाडीची टक्कर कशी होणार, रस्त्यावर माणसं किती, हे सगळं काम स्क्रीन सहा इंची असो की साठ इंची, तेवढंच राहतं. म्हणून पहिल्या स्विचमध्ये जीपीयू निम्म्याच्या खाली जायचा पण सीपीयू दोन्ही मोडमध्ये १०२० मेगाहर्ट्झवरच असायचा. स्विच २ मध्ये तर गंमत आहे, सीपीयू डॉकमध्ये ९९८ आणि हातात ११०१, म्हणजे हातात चक्क थोडा जास्त. कोणी म्हणालं "१ गिगाहर्ट्झ? २०२५ मध्ये?" तर त्याला सांगा की गिगाहर्ट्झ हा फक्त ठोक्यांचा आकडा आहे, एका ठोक्यात किती काम होतं ते कोरच्या डिझाइनवर. जुन्या स्विचमध्ये कॉर्टेक्स-ए५७ चे चार कोर होते, नव्यात ए७८सी चे आठ, त्यातले सहा गेमला आणि दोन सिस्टिमला. आकडा तोच दिसला तरी काम कितीतरी जास्त होतं. तरीपण, हे पण सांगून ठेवतो, ज्या गेमची जान सीपीयूवर आहे, म्हणजे मोठं शहर, गर्दी, भरपूर फिजिक्स, असा गेम पोर्ट होणार (दुसऱ्या मशीनवरून इथे आणणार) म्हणलं की इथेच अडकणार, कारण ग्राफिक्स कमी करता येतात, रिझोल्यूशन उतरवता येतं, पण गर्दी कमी केली तर गेमच बदलतो. २०१७ ला डूम स्विचवर आणला तेव्हा मोठ्या कन्सोलवरचे ६० एफपीएस ३० वर आणावे लागले, चित्रही धूसर झालं, तरी लोकांनी डोक्यावर घेतला कारण खेळताना तो डूमच वाटत होता.

टेराफ्लॉपवर मी जास्त वेळ घालवणार नाही पण हिशोब स्वतः करता यायला हवा, मग कोणी फसवू शकत नाही. कोर गुणिले दोन गुणिले क्लॉक, बस. १५३६ गुणिले २ गुणिले १.००७ केलं की साधारण ३.१ येतं, हातात १.७. पहिल्या स्विचला २५६ कोर, डॉकमध्ये ०.३९, हातात ०.१६ च्या आसपास. इथपर्यंत ठीक, एकाच कंपनीच्या दोन पिढ्या, उडी किती मोठी ते कळलं. घोळ कुठे होतो, तर लोक हे ३.१ घेऊन पीएस४ च्या १.८४ शेजारी ठेवतात, एक्सबॉक्स सिरीज एसच्या ४ शेजारी ठेवतात आणि सरळ रेघ मारतात. स्विच २ च्या चिपमधल्या अँपिअर आर्किटेक्चरमध्ये एनव्हिडियाने कोर मोजायची पद्धतच अशी झालीय की निम्मे कोर पूर्णांकाची गणितं आली की तिकडे गुंततात, त्यामुळे कागदावरचा आकडा प्रत्यक्षात पूर्ण मिळत नाही. दुसऱ्या बाजूला डीएलएसएस आहे, जे कमी रिझोल्यूशनचं चित्र काढून मोठं करतं, ते पीएस४ कडे नव्हतंच. म्हणजे एक गोष्ट आकडा फुगवते आणि दुसरी आकड्यात दिसतच नाही. वेगवेगळ्या घराण्यातल्या चिपा टेराफ्लॉपने मोजणं म्हणजे बैल आणि ट्रॅक्टर फक्त वजनाने मोजण्यासारखं.

डीएलएसएस वरून आठवलं, बॉक्सवर ४के लिहिलंय म्हणजे गेम ४के मध्ये चालतो असं नाही. दोन आकडे विचारायचे, आत चित्र कितीवर काढलं जातं आणि बाहेर कितीवर दाखवलं जातं. सायबरपंक २०७७ स्विच २ वर डॉकमध्ये १०८०पी च दाखवतो, क्वालिटी मोडला ३० आणि परफॉर्मन्स मोडला ४० एफपीएसचं टार्गेट, आणि ते १०८०पी पण डीएलएसएसने गाठलेलं. यात फसवणूक काही नाही, पण बॉक्स बघून अपेक्षा ठेवली तर हिरमोड होणारच.

आता वॅट. माझ्या मते हा सगळ्यात कामाचा आकडा आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. स्विच २ ची बॅटरी ५२२० एमएएच, म्हणजे साधारण २० वॅट-अवर (बॅटरीत मावणारी ऊर्जा) धरा. कंपनी सांगते २ ते ६.५ तास. आता भागाकार करा, जड गेमला २ तास म्हणजे सगळा कन्सोल, स्क्रीन, वायफाय, पंखा, चिप, सगळं मिळून १० वॅटच्या आसपास खातो. शेजारी स्टीम डेक (पीसीचे गेम चालवणारा हँडहेल्ड) ठेवा, त्याची पहिली बॅटरी ४० वॅट-अवर आणि एकट्या चिपलाच १५ वॅटपर्यंत मुभा. म्हणून कोणी म्हणलं की "डेकवर हा गेम चालतो मग यावर का नाही" किंवा उलटं, तर आधी वॅट विचारायचे. हाच भागाकार कुठल्याही नवीन हातातल्या मशीनला लावा, वॅट-अवर भागिले कमीत कमी तास, उत्तर १० आलं तर तो ३० वॅटवाल्या हँडहेल्डसारखा पळणार नाही मग स्पेक शीटवर काहीही लिहिलेलं असो. फक्त एमएएच वरून तुलना करू नका, व्होल्टेज वेगळं असेल तर तो आकडा काही कामाचा नाही.

मेमरीचं बघताना लोक १२ जीबी एवढंच वाचतात. त्यातले ३ जीबी सिस्टिमचे, गेमला ९. जुन्या स्विचला एकूणच ४ होते तेव्हा हे भरपूर आहे. पण जास्त महत्त्वाचा बँडविड्थ, म्हणजे मेमरीतून सेकंदाला किती माल बाहेर पडतो, कारण इथे सीपीयू आणि जीपीयू एकाच नळावर पाणी भरतात. स्विच २ ला डॉकमध्ये १०२ जीबी प्रति सेकंद, हातात ६८, पहिल्या स्विचला जास्तीत जास्त २५.६. पहिल्या स्विचच्या कितीतरी गेममध्ये गवत, धूर, पारदर्शक इफेक्ट आले की फ्रेम पडायच्या, त्यात या अरुंद नळाचा मोठा हात होता. नवीन कन्सोल आला की कोर बघायच्या आधी हा आकडा बघा असं मी म्हणेन, कोर कितीही घाला, माल पोचला नाही तर ते हात बांधून बसणार.

स्टोरेजमध्ये माझी स्वतःचीच फजिती झालीय. नवीन कन्सोल घ्यायच्या आधी शहाणपणा म्हणून ऑफरमध्ये मोठं मायक्रोएसडी कार्ड घेऊन ठेवलं, म्हणलं गेम टाकायला होईल. स्पेकमध्ये स्पष्ट लिहिलेलं मायक्रोएसडी एक्सप्रेस, मी "एक्सप्रेस" हा शब्द जाहिरातीतला समजून सोडून दिला. साधं कार्ड आत जातं, बसतं पण, फक्त त्यातून जुने स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ आणता येतात, गेम नाही. चूक माझीच, तुम्ही करू नका. हे असं का ठेवलं त्याला कारण आहे, आतलं २५६ जीबी स्टोरेज यूएफएस आहे, जुन्या ३२ जीबी ईएमएमसी पेक्षा खूप वेगवान, आणि डेव्हलपर गेम बनवताना तो वेग गृहीत धरणार, मग कार्ड हळू असेल तर दार उघडल्यावर पलीकडची खोलीच लोड झालेली नसणार. शिवाय दाबून ठेवलेला डेटा उलगडायला चिपमध्ये वेगळा भागच दिलाय, म्हणजे ते ओझं सीपीयूवर येत नाही. या बदलावर सगळ्यात कमी चर्चा झाली आणि खेळताना रोज जाणवतो तो हाच. कार्ट्रिजवाल्यांनी अजून एक बघायचं, गेम पूर्ण कार्टवर आहे की नुसतं गेम-की कार्ड आहे ज्यात फक्त चावी असते आणि गेम डाउनलोड करावा लागतो. बॉक्सच्या पुढेच लिहिलेलं असतं. सायबरपंक पूर्ण ६४ जीबी कार्टवर आला म्हणून लोक खूश झाले ते उगाच नाही.

स्क्रीनवरून जो गदारोळ झाला त्यात मात्र मी लोकांच्या बाजूने आहे. ओएलईडी मॉडेल वापरलेल्या माणसाला परत एलसीडी दिली की काळा रंग राखाडी दिसणारच. ७.९ इंच, १०८०पी, १२० हर्ट्झ, एचडीआर, सगळं लिहिलंय, पण ज्यांनी मोजलं त्यांना पिक्सेल रंग बदलायला बराच वेळ घेतात असं दिसलं, म्हणजे कॅमेरा जोरात फिरवला की मागे शेपूट दिसते. हे स्पेक शीटवर कधीच नसतं. कुठलीही कंपनी "आमची स्क्रीन संथ आहे" लिहिणार नाही, तिथे रिव्ह्यूचीच वाट बघायची, आणि तो पण ज्याने कॅमेरा लावून मोजलंय त्याचा. व्हीआरआरचा (स्क्रीनचा वेग गेमच्या फ्रेमप्रमाणे बदलतो ते) गोंधळ पण असाच, ते फक्त हातातल्या स्क्रीनवर आहे, टीव्हीवर पण चालेल असं आधी अधिकृत साइटवरच चुकून आलं होतं आणि मग माफी मागून काढलं. म्हणजे अधिकृत पान पण लाँचच्या आठवड्यात एकदा परत उघडून बघायचं, आधी काढलेल्या स्क्रीनशॉटवर भरवसा ठेवायचा नाही.

"१२० हर्ट्झ आहे पण १२० एफपीएसचे गेम कुठे" हे पण खूप ऐकलं. १२० चा खरा फायदा ४० एफपीएस मध्ये आहे. ६० हर्ट्झ स्क्रीनवर ४० बसत नाही, काही फ्रेम एकदा दिसतात काही दोनदा, म्हणून झटके. १२० ला ४० ने बरोबर तीनदा भाग जातो, चित्र सरळ चालतं, आणि ३० पेक्षा ४० हाताला कितीतरी हलकं लागतं. डॉकला लावून हे हवं असेल तर टीव्ही पण १२० वाला लागतो, ते विसरून मग कन्सोलला शिव्या घालू नका.

जॉयस्टिकबद्दल एक ओळ, हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणाऱ्या, कमी झिजणाऱ्या) स्टिक असतील अशी सगळ्यांना आशा होती, नाहीयेत, हे कंपनीच्याच लोकांनी सांगितलंय. गॅजेट उघडून तपासणाऱ्या आयफिक्सिटने हा उघडून बघितल्यावर दुरुस्तीला १० पैकी ३ दिले. स्वतः स्क्रू उघडणारे असाल तर हे दोन मुद्दे टेराफ्लॉपपेक्षा तुमच्या जास्त कामाचे.

प्रतिक्रिया वाचताना मी एक चाळणी लावतो, समोरचा कुठून आलाय ते बघतो. पीसीवाला बोलतो तेव्हा तो ३०० वॅटच्या चष्म्यातून बघतो. जुन्या स्विचवरून येणाऱ्याला सगळंच विमान वाटतं. फोनवाल्याचा बेंचमार्क दोन मिनिटांचा असतो, फोन तापला की अर्ध्या तासाने तोच वेग राहत नाही, आणि कन्सोलमध्ये पंखा आहे, डॉकमध्ये पण वेगळा पंखा दिलाय, तिथे दोन तासांनी पण तोच क्लॉक मिळायला हवा. तिघंही खोटं बोलत नाहीत, फक्त तिघांचा प्रश्न वेगळा आहे आणि तुमचा चौथाच असेल.

मग ठरवायचं कसं, तर तुम्ही खरोखर खेळता ते तीन गेम काढा, खेळणार आहात ते नाही, खेळता ते. त्यांचे व्हिडिओ दोन्ही मोडचे बघा, आणि शांत कोपऱ्यातला भाग नको, जिथे गर्दी आणि स्फोट आहेत तो. सरासरी एफपीएस सोडा, खाली कितीपर्यंत पडतो ते बघा. जुने गेम बरेच असतील तर ते कसे चालतात ते वेगळं तपासा, कारण स्विच २ मध्ये जुनी चिप नाहीये, जुने गेम सॉफ्टवेअर भाषांतर करून चालवतं. ज्या गेमचा फ्रेमरेट किंवा रिझोल्यूशन वरखाली होत असतं ते अपडेट नसताना पण सुधारले, पण लाँचच्या वेळी तरी हातात ७२०पी साठी बनवलेला गेम अपडेटशिवाय १०८०पी स्क्रीनवर ताणला जायचा आणि जुन्या छोट्या स्क्रीनपेक्षा मऊ दिसायचा. कोणी "जुने गेम भारी झाले" म्हणतो कोणी "धूसर झाले", दोघंही बरोबर, मोड वेगळा.

आणि पहिल्या वर्षाच्या गेमवरून कन्सोलची ताकद मोजू नका, २०१७ ला कोणी सांगितलं असतं की विचर ३ या मशीनवर येईल तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं, २०१९ च्या ऑक्टोबरला आला.

घाई नसेल तर अजून एक गोष्ट करता येते. पहिल्या स्विचची चिप २०१९ मध्ये २० वरून १६ नॅनोमीटरवर गेली, वेग तोच ठेवला पण बॅटरी २.५ ते ६.५ तासांवरून ४.५ ते ९ तासांवर गेली, आणि कंपनीने फार गाजावाजा पण केला नाही, बाहेरून कन्सोल सेम दिसायचा. ओळखायचं कसं तर मॉडेल नंबरवरून, जुन्याचा एचएसी-००१ आणि नव्याच्या मागे जास्तीचं -०१ लागायचं. तेव्हा पुढेमागे कुठलाही हायब्रिड घेताना, विशेषतः सेकंडहँड, बॉक्स उलटा करून तो नंबर आधी वाचा आणि मग पैसे काढा.